मर्यादेतली माणसं

सोलापूरच्या एमआयडीसीत ‘सीसी’ म्हटलं की कॅमेरा नव्हे, बँकेचं कॅश क्रेडिट डोळ्यांपुढे येतं. मंजूर मर्यादेतून लागेल तेवढं उचला, व्याज फक्त उचललेल्या रकमेवर, तेही रोजच्या बाकीवर. किती सोज्वळ! दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट तेवढं द्यायचं. त्या कागदावर गोदामातले टॉवेल जेवढे भरगच्च दिसतात, तेवढे कुठल्या शोरूममध्येही दिसत नाहीत. उचल त्यांच्याच किमतीवर ठरते ना.

चादरी नेणारा व्यापारी मात्र म्हणतो, “दिवाळीनंतर बघू, शेठ.” कुठली दिवाळी, हे सांगत नाही. व्याज बिचारं इमानी. महिनाअखेरीला न बोलावता खात्यात नावे पडतं. बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत. मग तारणाचा ताबा घेण्याआधीची सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, आणि सिबिल स्कोअर असा घसरतो की मोटरसायकलचं कर्जही कुणी देत नाही. १ एप्रिल २०२४ पासून थकबाकीचा दंड ‘व्याज’ म्हणून लावायचा नाही, ‘शुल्क’ म्हणून लावायचा, अशी रिझर्व्ह बँकेची कृपा आहे. त्या दंडावर पुन्हा व्याज नाही, हे खरं. खिशाला तेवढाच विसावा.

आणि बँकेचंच गणित चुकलं तर? सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. भांडवल पुरेसं नव्हतं. तिथे ठेवीदाराला साठ दिवसांची नोटीस बजावून इमारतीचा ताबा घेता येत नाही. त्यानं पाच लाखांपर्यंतच्या विम्याचा अर्ज भरायचा, केवायसीसकट.