मुलाला पिल्लू मिळणे : तेरखेड्यापुरती एक शास्त्रोक्त पद्धती

१. विषयप्रवेश आणि वर्गीकरण

मुलाने मांजराच्या पिल्लाचा हट्ट धरला असता मराठी गृहस्थ बहुधा ‘बघू’ एवढेच उत्तर देतो, आणि या शब्दाचा अर्थ वडीलधारी माणसे ‘नाही’ असा, तर मूल ‘उद्या’ असा घेत असल्याने, पुढील सर्व कलहाचे बीज या दोन अक्षरांतच पेरले जाते. हा अर्थभेद मिटवून पिल्लू प्रत्यक्ष घरात येईपर्यंतच्या टप्प्यांची मांडणी करणे हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू असून, त्यासाठी धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील, धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे तेरखेडा हे गाव निवडले आहे. हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, आणि जेथे आवाज हाच व्यवसाय आहे तेथे आवाजाला दचकणारा प्राणी मुलासाठी मिळविता आला, तर ही पद्धती अन्यत्र निर्वेध लागू पडेल, असे मानण्यास हरकत नाही.

पिल्लाचे चार प्रकार संभवतात. पैसे मोजून आणलेले ते क्रीत. शेजाऱ्याकडे मागून आणलेले ते याचित. वाटेत, शेतात अथवा गोठ्यात आढळलेले ते लब्ध. आणि कोणी न बोलाविता आलेले ते आगंतुक होय. यांपैकी क्रीत प्रकार पुण्या-मुंबईच्या दुकानांतून आढळतो, परंतु जेथे दर पावसाळ्यात ‘दोन घेऊन जा, हवं तर तिन्ही न्या’ असा आग्रह शेजारीपाजारी करतात, तेथे मांजरासाठी पैसे मोजणारा मनुष्य चर्चेचा विषय होतो, म्हणून त्या प्रकाराचा येथे विचार केलेला नाही.

व्याकरणाचीही एक बाब आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. मराठीत ‘मूल’ आणि ‘पिल्लू’ हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी असून, ‘मांजर’ हाही शब्द बहुधा तसाच चालतो, आणि बोका किंवा भाटी (म्हणजे मांजरी) हा निर्णय भाषेने पुढे ढकलून ठेवलेला आहे. ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे, कारण लहान पिल्लाचे लिंग ओळखण्यात अनुभवी माणसेही चुकतात आणि ‘मन्या’ नावाने वाढलेल्या प्राण्याला एके दिवशी कणगीमागे चार पिल्ले होतात. अपवाद एवढाच की पांढरा, काळा आणि तांबूस असे तिन्ही रंग अंगावर असलेले पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असते, कारण तांबूस रंगाचा गुणघटक ‘क्ष’ या लिंगगुणसूत्रावर असतो आणि तांबूस व काळा हे दोन्ही रंग एकाच अंगावर उमटण्यास ती गुणसूत्रे दोन लागतात.

२. शोधाची ठिकाणे

पिल्लू शोधणाऱ्याने मांजर शोधू नये, उंदीर शोधावेत. या नियमाला पुरातत्त्वाचा भक्कम आधार आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा मिळाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि मनुष्य धान्य साठवू लागल्यावर त्या धान्यामागे उंदीर व उंदरांमागे आफ्रिकी रानमांजर वस्तीत आले, असे अभ्यासक मानतात. याचा अर्थ असा की गाय, शेळी आणि कुत्रा यांना माणसाने पाळले, मांजराने मात्र माणसाचे कोठार पाहून मुक्काम ठोकला. हे तत्त्व तेरखेड्यास लावल्यास शोधाची ठिकाणे आपोआप ठरतात: कडब्याची गंजी, गोठ्यातील गव्हाणीचा कोपरा, जुन्या माळवदाच्या घरातील बळद (भिंतीत किंवा जमिनीखाली केलेली धान्याची बंदिस्त जागा), आणि ज्या खोलीचे कुलूप वर्षभर कोणी काढलेले नाही ती खोली. शेवटच्या ठिकाणी मांजर कसे शिरते, हे कुलूप लावणाऱ्यासही सांगता येत नाही.

लब्ध प्रकाराबाबत एक गंभीर सूचना आवश्यक आहे. उसाच्या फडात तोडणीच्या वेळी सापडणारी पट्टेरी किंवा ठिपकेदार पिल्ले घरच्या मांजराचीच असतील असे नाही. ती रानमांजराची अथवा वाघाटीची असू शकतात. वाघाटी म्हणजे अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके असलेली, पूर्ण वाढीनंतरही दीड किलोच्या आसपासच भरणारी रानटी मांजराची जात असून, जगातील सर्वांत लहान मार्जारांत तिची गणना होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अशी पिल्ले घरी नेणे गुन्हा आहे. जुन्नर परिसरात बिबट्याची व वाघाटीची पिल्ले फडात सापडल्यावर वनविभाग ती त्याच जागी ठेवून रात्री आईची वाट पाहतो, आणि आई बहुतेक वेळा येऊन ती घेऊन जाते. सबब फडातील पिल्लू मुलास दाखवू नये. दाखविल्यास ‘ते वाघाचं आहे’ असे सांगावे, मात्र या उत्तराने मुलाचा हट्ट कमी होण्याऐवजी वाढतो, असा अनुभव आहे.

३. कालनिर्णय

मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, पिल्लाचे डोळे एक ते दोन आठवड्यांत उघडतात, आणि आठ आठवड्यांपूर्वी ते आईपासून तोडू नये, असा दंडक आहे. घरात येण्याचा मुहूर्त मात्र पंचांगावरून नव्हे, आवाजावरून काढावा लागतो. माणसास सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर मांजरास ६० हजारांहून अधिक कंपनांचा; म्हणजे उंदराची कुजबुज ऐकण्यासाठी घडलेला कान तोफेच्या बाराशेजारी आणून ठेवायचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

प्रथम दिवाळी वर्ज्य करावी. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना नियमाने मनाई आहे, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. परंतु हे दोन्ही आदेश माणसांना उद्देशून असल्याने पिल्लाने त्यांवर विसंबू नये. दिवाळीनंतर तुळशीची लग्ने त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालतात व तीही मुकाट्याने लागत नाहीत. त्यानंतर माणसांची लग्नसराई सुरू होते. चैत्र पौर्णिमेस जवळच्या येरमाळ्यास येडेश्वरीची यात्रा भरते. पुढे उन्हाळी वराती, मग गणपती, मग नवरात्र, आणि यांच्या मधल्या फटी निवडणुकांचे निकाल व क्रिकेटचे सामने बुजवितात. आषाढ आणि श्रावण तेवढे शांत म्हणावेत, तर त्या वेळी दिवाळीच्या मालाची तयारी सुरू असते आणि नव्या वातीची परीक्षा वात पेटविल्याखेरीज होत नाही. याप्रमाणे वर्षातील बाराही महिने क्रमाने बाद केल्यावर जो काळ उरतो तो शून्य होय.

या निष्कर्षाने खचून जाऊ नये. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाचा संस्कारकाळ मानला जातो, म्हणजे त्या काळात परिचित झालेली माणसे आणि परिस्थिती ते पुढे सहज स्वीकारते. त्यामुळे बाहेरगावाहून शांत स्वभावाचे पिल्लू आणण्यापेक्षा याच गावात जन्मलेले, लवंगी माळेच्या आवाजात दूध प्यायलेले पिल्लू घेणे शहाणपणाचे ठरते.

४. पिल्लाची परीक्षा

परीक्षेचे साधन पितळी परात हे होय. ती पिल्लापासून दहा-बारा हातांवर जमिनीवर सोडावी आणि फळ पाहावे. जे पिल्लू पळून पोत्यामागे दडते व थोड्या वेळाने काय पडले हे पाहण्यासाठी नाक बाहेर काढते, ते उत्तम. जे दडते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही, ते मध्यम. आणि जे हलतच नाही, त्याचा वेगळा विचार करावा. शुभ्र पांढऱ्या आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण फार मोठे असते, यावरून असे मांजर तेरखेड्यास आदर्श होय, असा सिद्धांत कोणी मांडील. पण ज्या गावाशेजारून राष्ट्रीय महामार्ग जातो तेथे ट्रकचा आवाज न ऐकणारे मांजर फार दिवस आदर्श राहत नाही. शिवाय आरंभी सर्वच पिल्लांचे डोळे निळसर असतात, म्हणून दोन महिने होण्यापूर्वी हा निष्कर्ष काढणाऱ्याच्या निरीक्षणशक्तीविषयी शंका घ्यावी.

५. घराची परीक्षा

घरातील प्रत्येक आक्षेपकाची समजूत स्वतंत्रपणे काढावी लागते. मांजर आडवे जाण्याचा आक्षेप आजीकडून आल्यास, घरचे मांजर दिवसातून चाळीस वेळा आडवे जात असल्याने अपशकुनाचा हिशेब ठेवणे अशक्य होते व तो आपोआप रद्द होतो, असे सांगावे. आजोबांना, हातून मांजर मेले तर काशीस सोन्याचे मांजर दान करावे लागते, या लोकसमजुतीची आठवण द्यावी; सोन्याचा चालू भाव पाहता मांजराच्या जिवाला याहून कडक संरक्षण कायद्यानेही दिलेले नाही. कंटाळा आल्यावर मांजर पोत्यात घालून परगावी सोडण्याचा जो जुना उपाय सांगितला जातो, तो प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात बसत नाही, आणि मांजर पोत्याआधी घरी पोहोचत असल्याने व्यवहारातही बसत नाही.

आहाराच्या बाबतीत या भागातील औदार्य घातक ठरते. भूम-वाशीचा परिसर खव्याच्या भट्ट्यांचा असून कुंथलगिरीचा पेढा दूरवर माहीत आहे, त्यामुळे नव्या पाहुण्याचे तोंड गोड करण्याचा मोह होतो. परंतु मांजराच्या जिभेला गोड चवच कळत नाही, हे त्याच्या गुणघटकांवरून सिद्ध झालेले आहे. आणि वाढत्या वयाबरोबर दुधातील शर्करा पचविण्याची शक्तीही त्याच्यात कमी होते. खवा म्हणजे तीच शर्करा आटवून घट्ट केलेली, तेव्हा पेढ्याचा आनंद देणाऱ्यास आणि परिणाम अंथरुणास, अशी वाटणी होते. मांजरास टॉरिन नावाचे पोषकद्रव्य मांस-मासळीतूनच मिळवावे लागते व त्याच्या अभावी डोळे आणि हृदय बिघडते, म्हणून दूध-भाकरीवर ते टिकेल हा समज सोडावा. गळ्यात माळ असलेल्या घरात या प्रश्नावर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराचा तोडगा मांजर स्वतःच काढते. कुटुंबाने त्याबद्दल काही माहीत नसल्याचे दाखवावे.

पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या यांच्या रांगेत टोपलीतील पिल्लू घेऊन उभे राहण्यास संकोच करू नये. तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी लागते. मुलास ओरखडा अथवा चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व लगेच आरोग्य केंद्र गाठावे. हळद भरून ‘बघू’ म्हणणे येथेही योग्य नाही.

घरातील कोणी फटाक्यांच्या कारखान्यात कामास असल्यास मांजर त्याच्यामागे तेथे जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. शालेय प्रयोगात एबोनाइटची कांडी मांजराच्या केसाळ कातड्यावर घासून स्थितिक विद्युत, म्हणजे घर्षणाने साचणारी वीज, निर्माण करतात. आणि गंधक व ॲल्युमिनियमची भुकटी असलेल्या दारूला पेट घेण्यास बारीकशी ठिणगी पुरते. ज्या जागी कामगाराच्या खिशातील काडेपेटीस मज्जाव असतो, तेथे चार पायांवर चालणाऱ्या घर्षणयंत्रास मोकळीक देता येत नाही. उलट बाजूनेही एक बंधन आहे: प्राण्याच्या शेपटीस फटाका बांधणाऱ्या मुलाला कोणत्याही प्रकारचे पिल्लू, आगंतुकसुद्धा, मिळू देऊ नये.

६. प्राप्ती

येथवरची सर्व तयारी झाल्यावर प्रत्यक्ष कृतीचा टप्पा येतो, आणि येथे दोन प्राचीन न्यायांचा आधार घ्यावा लागतो. दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत ईश्वरकृपेविषयी दोन मते आहेत: वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तसा भक्ताने प्रयत्न करावा, हा वडकलै पंथाचा मर्कटन्याय, आणि मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तशी कृपा होते, हा तेंकलै पंथाचा मार्जारन्याय. पिल्लू मिळविताना मूल नेमके मर्कटन्यायाने वागते, म्हणजे दिसताक्षणी पोटाला धरून उचलते, आणि पिल्लू बळदात नाहीसे होते.

यावर उपाय मार्जारन्यायाचा. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे जुनी माणसे सांगतात. आकड्याचा आग्रह सोडला तरी धोका वाटल्यास मांजर पिल्लांची जागा बदलते हे खरे आहे, आणि त्या फिरतीत आपल्या घराचा क्रमांक लागावा, एवढेच कुटुंबाच्या हाती असते. त्यासाठी मागच्या खोलीत जुने धोतर अंथरलेले खोके ठेवावे, दार बोटभर उघडे ठेवावे, आणि मुलाने खोक्यापासून चार हातांवर हात मांडीत घेऊन बसावे. हाक मारू नये. नाव ठेवू नये. पहिल्या दिवशी हे आसन फार टिकत नाही. परंतु ज्या दिवशी मूल बसल्या जागी झोपून जाते, त्या दिवशी पिल्लू त्याच्या पायाशी येऊन झोपण्याचा संभव सर्वाधिक असतो.

त्यानंतर घरात ‘पिल्लू कोणी आणले’ यावर वाद होईल. तो व्याकरणाने सोडवावा. ‘मुलाने पिल्लू आणले’ हे वाक्य या ठिकाणी चूक असून ‘मुलाला पिल्लू मिळाले’ हे बरोबर आहे, आणि त्या वाक्यात कर्ता पिल्लू आहे.