माळकरी आणि शिराज

दारूच्या बाकीच्या प्रकारांना अभ्यासक्रम नसतो. व्हिस्की मागवणाऱ्याला फार तर 'पाणी की सोडा' एवढाच तोंडी प्रश्न येतो. बियरवाल्याला तोही येत नाही. बाटलीला हात लावून तो आपला आपणच पास होतो. वाइनचं तसं नाही. इथे आधी परीक्षा, मग पेला. आमच्या साडूंनी ती परीक्षा रीतसर दिली आहे. लंडनच्या एका संस्थेचा अभ्यासक्रम त्यांनी पुण्यात बसून पुरा केला, प्रमाणपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं, आणि तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात लिंबाचं सरबतसुद्धा कुणी निर्धास्तपणे पीत नाही. साडू घोट तोंडात घोळवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अॅसिडिटी सुरेख आहे." सासूबाई लगेच आवळासुपारीची डबी पुढे करतात.

सासुरवाडीला, म्हणजे नाशिकला, त्यांनी पहिल्यांदा बाटली आणली तेव्हा सासूबाई शास्त्रापुरत्या लांब बसल्या होत्या. पण लक्ष होतं. साडूंनी पेल्याची दांडी दोन बोटांत धरली. हाताची ऊब वाइनला लागू नये म्हणून ती दांडी. मग त्यांनी पेला गरगर फिरवायला सुरुवात केली. असं फिरवलं की वाइनला हवा लागते आणि तिच्यातले सुगंध मोकळे होऊन वर येतात. हे शास्त्र खरं आहे. पण सासूबाईंचा चेहरा पडला. "अहो, विसळून काय घेताय? मी स्वतः धुतलेत ते."

त्या घराची वाइनशी तोवरची ओळख म्हणजे गोव्याहून येताना आणलेली पोर्टची बाटली. मराठी मध्यमवर्गाची बहुतेक हीच वाट. गोड, जांभळी, खोकल्याच्या औषधाच्या मापाने घ्यायची. साडूंना त्या बाटलीची लाज वाटते. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली, हे ते दर वेळी सांगतात. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचीच कडक दारू ओततात. तिने यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या घरात जातो. सासरे एवढंच म्हणाले, "वीस? मग आम्ही उगाच औषध म्हणून घेत होतो."

पांढरी वाइन हिरव्या द्राक्षांची आणि तांबडी काळ्या द्राक्षांची, असा माझा इतकी वर्षं ठाम समज होता आणि तो अर्धा बरोबरही आहे. उरलेला अर्धा मला साडूंनी नाही, अण्णांनी शिकवला. अण्णा म्हणजे सासऱ्यांचे धाकटे बंधू. दिंडोरीकडे त्यांची बाग आहे. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला पंढरीची वारी, आणि सहा एकरांपैकी दोन एकरांवर वाइनची द्राक्षं. हे कसं जमतं, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असतं. "मी द्राक्षं विकतो. पुढं ती कुणाच्या संगतीला लागतात, ते त्यांचं नशीब."

फेब्रुवारीत आम्ही दोघे जावई बागेत गेलो तेव्हा अण्णांनी शिराजच्या घडातला एक मणी तोडून माझ्या तळहातावर चुरडला. बाहेरून काळाकुट्ट मणी, आणि रस जवळजवळ पाण्यासारखा. सगळा रंग सालीत. साल रसाबरोबर ठेवून आंबवली की तांबडी वाइन, आधीच वेगळी काढली की पांढरी, आणि काही तास ठेवून काढली की गुलाबी. म्हणून तर फ्रान्समधली शॅम्पेन दिसायला पिवळसर असली तरी तिच्यातली पुष्कळशी काळ्या द्राक्षांची असते. साडू म्हणाले, "त्याला स्किन कॉन्टॅक्ट म्हणतात." अण्णा म्हणाले, "म्हणत असतील."

सालीतून नुसता रंग येत नाही, टॅनिनही येतं. जांभळं खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटते, तो कारभार टॅनिनचा. कॅबर्ने सोविन्यों हे द्राक्ष मण्याने बारीक आणि सालीने जाड, म्हणून त्याच्या वाइनला रंगही गडद आणि तुरटपणाही खमका. ती वर्षानुवर्षं टिकते आणि मुरत जाते, त्यात या टॅनिनचा हात असतो. शेनँ ब्लां पांढरी. तिला सालीची संगत नाही, म्हणून ती हलकी, आणि बहुतेकदा तरुणपणीच प्यायची. अण्णांना या दोघींचे स्वभाव बागेतून ठाऊक आहेत. "शेनँ माल भरपूर देते, पण घड गच्च. आत हवा शिरत नाही. एक पाऊस चुकीच्या दिवशी पडला की घड आतून सडतो. कॅबर्ने उशिरा पिकते, कमी देते, पण रडत नाही." कुठल्याही प्रमाणपत्राच्या पुस्तकात हे इतक्या थोडक्यात नसेल.

वासाचं प्रकरण मात्र साडूंचं राखीव कुरण. ते पेल्यात नाक खुपसतात आणि यादी वाचतात: चामडं, तंबाखू, ओली माती, कापलेलं गवत. मला सुरुवातीला वाटायचं, हे पेल्याच्या नव्हे तर एखाद्या तबेल्याच्या वासाचं वर्णन आहे. पण यातलं सगळंच थोतांड नाही, हे मान्य करावं लागतं. सोविन्यों ब्लांला ढोबळी मिरचीचा वास येतो म्हणतात, तो येतोच. ढोबळी मिरचीत जी पायराझिनं असतात, तीच त्या द्राक्षातही असतात. शिराजला मिऱ्याचा वास येतो. त्याला कारण रोटंडोन नावाचा पदार्थ. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो द्राक्षात शोधला, आणि मिऱ्याचा वासही त्याचाच निघाला. गंमत म्हणजे पाचांतल्या साधारण एका माणसाला हा वास मुळी येतच नाही. आमचे साडू त्या पाचव्यांतले निघावेत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मुरलेल्या रिस्लिंगला तर पेट्रोलचा वास येतो आणि तो गुण समजतात. साडूंनी हे कौतुकाने सांगितल्यापासून सासूबाई त्यांची बाटली गॅसच्या शेगडीजवळ ठेवू देत नाहीत.

साडूंच्या यादीचा फार कंटाळा आला की मी बोर्दोची आठवण काढतो. तिथल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक तांबडी वाइन हुंगायला दिली. दोघींची वर्णनं झाली. मग पुन्हा दोन पेले दिले; या वेळी दोन्हींत तीच पांढरी होती, फक्त एकीत बिनवासाचा लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या पांढरीला तांबडीचे सगळे शब्द बहाल केले. हे 2001 मध्ये छापून आलं. साडूंचं म्हणणं, ते विद्यार्थी होते. मी म्हणतो, पण बोर्दोचे होते!

तापमानाचं असंच. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ती खोली जुन्या युरोपातल्या दगडी घरातली; सोळा ते अठरा अंशांची. नाशिकची एप्रिलमधली खोली चाळिशीकडे निघालेली असते. पुस्तकाबरहुकूम ठेवलेली तांबडी वाइन इथे जेवणाला नव्हे, शेकायला उपयोगी पडेल. तेव्हा ती खुशाल अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. कुणी नाक मुरडलं तर त्याला स्वयंपाकघरात उभं करावं.

नावांचा घोळ फ्रेंचांनी घालून ठेवला आहे. ते बाटलीवर गावाचं नाव घालतात आणि द्राक्ष कोणतं ते तुम्ही ओळखायचं. शाब्ली म्हटलं की शार्दोने समजून घ्यायचं. बाकीच्या जगात पुष्कळांनी हा उद्योग सोडला आणि सरळ द्राक्षाचं नाव लिहायला सुरुवात केली. या बाकीच्या जगाला फ्रेंच फारसे मोजत नसत. मग 1976 साली स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना लेबल न दाखवता पेले दिले. तांबडीत आणि पांढरीत, दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली. एका परीक्षकबाईंनी तर आपली गुणपत्रिका परत मागितली. मला हा सगळा इतिहास सोडून या बाईंबद्दलच फार आपुलकी वाटते.

आपल्याकडची गोष्ट त्यामानाने अगदी अलीकडची. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात नारायणगावला फसफसणारी वाइन काढली. ती परदेशातही गेली. तिचं दुसरं आंबणं बाटलीतच होतं, म्हणून बुचामागे मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो. लग्नात ती उघडणाऱ्या मामांना हे आधी सांगावं. पुढे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाच्या बाजूला आले आणि 2000 साली त्यांच्या 'सुला' वाइनच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यानंतर खाण्याची द्राक्षं करणाऱ्या अण्णांसारख्यांच्या बांधावर कंपन्यांची माणसं करार घेऊन येऊ लागली.

युरोपातली वेल थंडीत झोपते. आपली वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटून शिस्त लावायची: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरात माल निघतो, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, तोही पहाटेच्या गारव्यात, डोक्याला बॅटरी बांधून. अण्णांच्या खिशात ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायची नळी असते. तिच्यात रसाचा थेंब टाकून ते उजेडाकडे बघतात. खायच्या मालाला सतरा-अठरा साखर पुष्कळ झाली. वाइनवाले बावीस-चोवीसची वाट बघतात. या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त मद्यार्क बनतो, म्हणजे बारा-तेरा टक्के. माळकऱ्याला हे गणित तोंडपाठ आहे आणि साडूंना त्यासाठी फोन काढावा लागतो.

27 जानेवारी 2022 ला हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र' करायला निघाल्याची ओरड झाली. मी अण्णांना फोन करून त्यांची बाजू विचारली. ते थोडे घुटमळले. "माळेचा विरोध आहे. सातबाऱ्याचा पाठिंबा आहे."

त्या फेब्रुवारीतल्या भेटीत साडूंनी हट्टाने अण्णांना एका वाइनरीच्या चाखण्याच्या खोलीत नेलं. अण्णांनी अट घातली: पिणार नाही, वास घेईन, वासाने माळ बाटत नाही. ओळीने पेले आले. कॅबर्नेचा पेला साडूंनी फिरवला, नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ग्रीन कॅप्सिकम! एकदम क्लासिक." अण्णांनीही वाकून हुंगलं. "मिरची येतेय खरी. माल कच्चा तोडलाय. अजून आठ-दहा दिवस थांबायला पाहिजे होतं." पेले भरणाऱ्या मुलाने आमच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि हळूच मान हलवली.

अण्णांनी बाटलीचा भाव विचारला. मुलाने अकराशे सांगितला.

"एका बाटलीला माल किती लागतो?"

"किलो-सव्वा किलो, काका."

अण्णांनी ओठ हलवत आपल्या किलोच्या दराने हिशोब केला. तो बाटलीच्या तळातच संपत असावा. "बाटली, बूच, कर, कामगार, सगळं धरलं," ते साडूंना म्हणाले, "तरी बरेच उरतात. ते कशाचे?"

साडूंना असा प्रश्न म्हणजे पर्वणी. ते सुरू झाले. ओक लाकडाचं पिंप, त्यातली व्हॅनिला, मधला स्वाद, घोट गेल्यावर मागे रेंगाळणारी चव, जमिनीचा गुण. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. शेजारच्या टेबलावरची मुंबईची मंडळी आपले पेले घेऊन जवळ सरकली आणि ऐकता ऐकता त्यांनी सहा बाटल्यांची ऑर्डर दिली.

अण्णांनी ते सगळं पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, ह्यांना दर सीझनला घेऊन या. मी पुढच्या साली शिराज अर्धा एकर वाढवतो."