द्वादशीचे वारे

साखर किंचित वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला आणि आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री मी घरात जाहीर केलं, "साबुदाणा बंद. यंदा फक्त रताळी!"

माझा अभ्यास पक्का होता. १०० ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात ऐंशीच्या आसपास कॅलरी, दोन-तीन ग्रॅम तंतू, वर पोटॅशियम. शिवाय बीटा-कॅरोटीन, म्हणजे डोळ्यांना उत्तम आणि कांतीला तजेला.

"बाबा, ते नारिंगी गराच्या रताळ्यात," लेक म्हणाली. "तुम्ही आणलीत ती आतून पांढरी आहेत."

कांती बारगळली. राहिली साखर. पाण्यात उकडलेलं रताळं रक्तातली साखर त्यातल्या त्यात बेताने चढवतं. तेच निखाऱ्यावर सावकाश भाजलं, की त्यातलं विकर स्टार्चचं माल्टोज करत राहतं, म्हणून ते इतकं गोड लागतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि तोंडानेच घात केला. उकडलेलं मिळमिळीत लागलं म्हणून भाजलेलं खाल्लं, मग तुपावर परतलेल्या गुळाच्या चकत्या, मग दाण्याचं कूट पेरलेला कीस. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात. मी तर प्रकृतीसाठी खात होतो, त्यामुळे दुपटीवर थांबायचं काही कारणच नव्हतं.

"साबुदाण्याने तुमचं काय वाईट केलं होतं हो?" सौ.ने ताट उचलताना विचारलं.

रताळ्यातले तंतू, थोडा हट्टी स्टार्च आणि मॅनिटॉल नावाचं शर्करा-अल्कोहोल लहान आतड्यात पुरती जिरत नाहीत. ती पुढे मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू सोडतात. माझा उपवास चालू असतानाच त्यांनी पारणं उरकायला घेतलं होतं. रात्रभर पोटात टाळ-मृदंग.

द्वादशीला सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये योगवर्ग.

"आता पवनमुक्तासन," बाई म्हणाल्या. "गुडघे छातीशी."

मी गुडघ्यांना नुसते हात लावून पडलो.

"काका, घट्ट दाबा."

काकांनी दाबले नाहीत. बाईंनी येऊन दाबले.

खिडकीतलं कबूतर उडालं. शेजारच्या चटईवरच्या आजोबांनी डोळे मिटूनच विचारलं, "रताळी?"

"हो."

"आमच्याकडे कीस होता," ते म्हणाले आणि त्यांनी आपले गुडघे छातीशी ओढले.