आडुतुरैचे बिनपगारी दिवाण

आमच्या मामांना कुटुंबाचं फार वेड. अडचण एवढीच, की त्या कुटुंबाची शिरगणती काही कधी पुरी झाली नाही. मामी आणि दोन मुली हा झाला रेशनकार्डावरचा भाग. त्याखेरीज झोप लागून भलत्याच स्टेशनावर उतरलेला प्रवासी, मुलीच्या लग्नाच्या काळजीत असलेला नरसिंगनपेट्टैचा नादस्वर घडवणारा कारागीर, हॉलतिकीट विसरून परीक्षेला निघालेलं कुणाचंही कार्टं, हे सगळे मामांच्या लेखी घरचेच.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मंडळी कावेरीकाठी आली आणि 1855 साली तंजावरचं राज्य संपलं तरी माघारी फिरली नाहीत, त्यांच्यातले आम्ही. अशा घराण्यांत पिढीला एक तरी माणूस असा निघतोच, की गावाची सगळी कामं त्याच्या गळ्यात पडतात, आणि गळा त्यानं आपणहून पुढे केलेला असतो. तमिळ शेजारी त्याला ‘रायर’ म्हणतात. कुंभकोणमचे सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. मामांच्या वाट्याला एकटं आडुतुरै आलं, तेही बिनपगारी. तोरा मात्र तिन्ही संस्थानांचा.

पोटापाण्यासाठी ते भात संशोधन केंद्रात कारकून होते. हे केंद्र 1922 पासूनचं. इथं निघालेल्या वाणांच्या नावात ‘एडीटी’ असतं, ते आडुतुरैचं. कारकुनाचा वाणाशी संबंध फायलीपुरता. पण लग्नाच्या पंगतीत पानावर भात पडला, की मामा एक शीत दोन बोटांत दाबून उजेडाकडे धरत आणि वाढप्याला थांबवत. “एडीटी 43 म्हणून दिला काय तुम्हाला? फसलात.” यजमान कावराबावरा, आचारी लालेलाल, सांबार थंड. एवढं करून भात कुठलाही असो, मामा तीनदा मागून घेत.

गोविंदपुरमला 2011 साली विठ्ठल-रखुमाईचं देखणं देऊळ उभं राहिलं, तेव्हा मामा निवृत्त झाले होते. सेवेला नाव घालताना त्यांनी चपला मागून घेतल्या. गाभाऱ्याजवळ उभं राहायला वशिल्याची माणसं होतीच. चपलांच्या खिडकीवर मात्र अख्खी यात्रा हाताखालून जाते, आणि प्रत्येकाची चौकशी करता येते. महाराष्ट्रातली, नवग्रहांची देवळं करत फिरणारी बस आली की मामांना भरतं येई. ते आपल्या ठेवणीतल्या, अनुस्वारांसकट जपलेल्या तंजावुरी मराठीत विचारत, “कोठून आलांत? जेवलांत कीं नाहीं?” त्यावर पुण्याच्या बाई म्हणत, “अंकल, हिंदी में बोलिए ना.” मामांना हिंदीचं अक्षर येत नसे. ते तेच मराठी पुन्हा, जरा मोठ्यानं बोलत. मग टोकनाच्या पाठीवर नकाशा निघे. सूर्यनारकोविल हे इथं, हाकेच्या अंतरावर. कंजनूरचा शुक्र त्याच्या थोडा पुढं. कुणी तिरुनळ्ळारच्या शनीचं नाव काढलंच, तर मामा घड्याळ बघत. “शनी लांब पडेल. पोरं दमलीत. आज शुक्रच करून घ्या.” साडेसाती घेऊन आलेली किती माणसं शुक्रावर समाधान मानून परत गेली, त्याची नोंद नाही.

एका बाबतीत मात्र ते थट्टा करत नसत. कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहम हे तळ्यातल्या स्नानाचं पर्व येतं. 1992 सालच्या महामहमात तळ्याकाठी चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसं दगावली. मामा त्या दिवशी तिथं होते. जगातल्या एकूण एक विषयावर बोलणारा हा माणूस त्यावर कधी बोलला नाही. 2004 ला आणि 2016 ला ते काठावर दोर धरून, तोंडात शिट्टी घेऊन उभे राहिले, आणि पायरीवर रेंगाळणाऱ्याला, मग तो संन्यासी का असेना, दंडाला धरून वर काढलं. 2016 चं आटोपलं त्याच आठवड्यात त्यांनी 2028 ची वही घातली.

एवढ्या कारभारात घरचा नळ गळायचा राहून जाई असं नाही. तो मनसोक्त गळे. मामींनी सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, खाली बादली ठेवून पाहिली. शेवटी त्यांनी शेजारणीकरवी निरोप धाडला, की अग्रहारात एका बाईचा नळ गळतोय, बिचारीकडे बघणारं कुणी नाही. मामा तडक पाना घेऊन निघाले, वाटेत प्लंबर उचलला, घरं विचारत विचारत पुढं सरकले आणि आपल्याच दारात येऊन थबकले.

“अगो, हें तर आपलंच घर!”

“बसा,” मामी म्हणाल्या. “कामाला आलेल्यांना मी कॉफी देते.”

त्या दिवसापासून मामींना गुरुकिल्ली सापडली. धाकटीचं स्थळसुद्धा त्यांनी असंच जमवलं. कुणा एका कारकुनाच्या मुलीचं लग्न अडलंय, एवढंच कानावर घातलं; महिन्याभरात मामांनी मायावरमचा मुलगा हुडकून काढला. मुलगी कुणाची, हे त्यांना पत्रिका मागायला घरी आल्यावर कळलं.

मामा गेले ते तमिळ आडी महिन्यात. गावातल्या प्रत्येक मयताला बांबू कुठून, मडकं कुणाकडून, शास्त्री कोणते, हे मामा ठरवत. त्यामुळे त्या सकाळी दाराशी जमलेली सगळी माणसं हात बांधून नुसती उभी. कुणाला काही सुचेना. एकानं सवयीनं मामांनाच फोन लावला. तो आतल्या खोलीत वाजला. मामींनी उचलला, काय हवं ते ऐकलं आणि म्हणाल्या, “बांबू वखारीतून आणा. उधार नको, ते यांना आवडायचं नाही.”

तेराव्याला डांगर पचडीची पंगत उठली आणि मामींनी माळा उघडला. सतरंज्या, पितळेचे हंडे, कुठल्याशा भजनी मंडळाचा माइक, एक स्ट्रेचर, छत्र्या. मामा गावाचं काम करताना याचं त्याला नेऊन देत, ते फिरून आलं की माळ्यावर जाई. प्रत्येक वस्तूला तीन-तीन मालक निघाले. एका हंड्यावरून दोन भावांत जुंपली. मामींनी तो उलटा करून तळाची अक्षरं वाचली, तर तिसऱ्याचंच नाव. 2028 ची वही पुढं ओढून त्यांनी मागच्या पानांवर सह्या घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला. राहिला तो पाना.

“हा तरी आमचा,” मामी म्हणाल्या.

शेजारीण घुटमळली. मग हळूच म्हणाली, “मामी, तो आमचा. तुमच्या नळाच्या वेळी रायर घेऊन गेले होते.”

मामींनी तिचीही सही घेतली.