नवा सर्व्हर, जुना आरोपी

आपल्याकडे कचेरीत नवी वस्तू आली की तिला हार पडतो आणि काही बिघडलं की खापर जुन्या वस्तूवर फुटतं. एका पतसंस्थेत नवा फाइल सर्व्हर आला तेव्हा चेअरमनसाहेबांनी स्वतः नारळ फोडला, पेढे वाटले. आठवडा उलटायच्या आत पिग्मी ठेवींचं टेबल करप्ट झालं.

इंडेक्स टेबलाशी जुळत नाही, तो पुसा आणि नव्याने बांधा, असं संस्थेचं सॉफ्टवेअर, फॉक्सप्रो, पडद्यावर सांगत होतं. हिशेबनीस बाईंनी मला विचारलं, "सर, पैसे आहेत की गेले, तेवढंच सांगा." त्या दिवसातला हा एकमेव मुद्द्याचा प्रश्न. सर्व्हर बसवून गेलेल्या इंजिनिअरने फोनवरूनच निकाल दिला, "सॉफ्टवेअर बाबा आदमच्या काळातलं आहे हो तुमचं!"

हे खोटं नव्हतं. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ साली मूळ कंपनीसकट विकत घेतलं. २००४ साली आलेली नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने तिच्यावरूनही हात काढून घेतला. पण वय हा पुरावा नव्हे. तसं असतं तर निम्मं संचालक मंडळ आत गेलं असतं.

इंडेक्स नव्याने बांधला की काम सुरळीत चालायचं. संध्याकाळी पिग्मी एजंट भरणा घेऊन आले, सगळे काउंटर एकदम सुरू झाले, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बाई एकट्या बसल्या की मात्र टेबलाला काही होत नसे. दुखणं टेबलाचं नव्हतं, गर्दीचं होतं.

फॉक्सप्रोचं टेबल ज्या डीबीएफ फाइलमध्ये असतं, तिच्या हेडरच्या पहिल्या ३२ बाइटांत तिची कुंडली असते: शेवटचा बदल कधी, नोंदी किती, एका नोंदीची लांबी किती. फाइलच्या आकारातून हेडरची लांबी वजा करायची, उरलेल्याला एका नोंदीच्या लांबीने भागायचं आणि आलेला आकडा हेडरमधल्या आकड्याशी ताडून पाहायचा. बाईंनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. हेडरच्या मते होत्या त्यापेक्षा फाइलमध्ये एक नोंद कमी भरली. "एकच ना!" असं चेअरमनसाहेब म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा सांगायला बाहेर गेले.

व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून विंडोजमध्ये फाइल वाटायची नवी पद्धत आली, एसएमबी २; नव्या सर्व्हरबरोबर ती इथेही पोहोचली. सर्व्हरला सारखं विचारायला नको म्हणून प्रत्येक संगणक फाइलचा आकार वगैरे माहिती दहा सेकंद स्वतःपाशी ठेवतो. वर्डमधल्या पत्राला हे ठीक आहे. फॉक्सप्रोच्या टेबलांवर सर्व्हरपाशी राखणदार कुणी नसतो. प्रत्येक काउंटर थेट त्याच फाइलीत लिहितो. एकाने नोंद घातलेली आणि दुसरा दहा सेकंदांपूर्वीच्या बातमीवर विसंबलेला! दहा सेकंदांत पिग्मी एजंट किती पावत्या पुढे सरकवतो, हे काउंटरवर बसलेल्यांनाच ठाऊक.

उपाय सर्व्हरवर नव्हता, काउंटरांवर होता. प्रत्येक संगणकाच्या रजिस्ट्रीत या साठवणुकीच्या मुदती शून्यावर आणल्या. अँटिव्हायरसला डेटाच्या फोल्डरमध्ये मज्जाव केला. टेबलाची आधी प्रत काढली, दुरुस्ती त्या प्रतीवर केली आणि मगच इंडेक्स बांधला. हरवलेली नोंद एजंटच्या कागदी डायरीत सापडली, बाईंचा ताळा जमला आणि संध्याकाळच्या गर्दीतही टेबल शाबूत राहिलं.

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली: 'जुन्या सॉफ्टवेअरमुळे उद्भवलेला बिघाड नव्या सर्व्हरच्या साहाय्याने दूर करण्यात आला.' ठराव एकमताने मंजूर.

तुमच्या संस्थेत असं जुनं सॉफ्टवेअर असेल तर एवढं करा. सर्व्हर बदलण्याआधी डेटाची प्रत नव्या यंत्रावर टाका, सगळ्या काउंटरांना एकाच वेळी त्यात खोट्या नोंदी घालायला बसवा आणि टेबल टिकतं का ते पाहा. बॅकअप नुसता घेऊ नका, तो उघडतो का तेही बघा. आणि एजंटांच्या कागदी डायऱ्या इतक्यात रद्दीत घालू नका.