मन पात्र की अपात्र?

१० ऑक्टोबर उजाडला की जिल्ह्याच्या ठिकाणचं सभागृह गारेगार होतं. जागतिक मानसिक आरोग्य दिन! दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, मग शेतकऱ्याने सकारात्मक विचार कसा करावा यावर व्याख्यान. ऐकायला कोण? तालुक्याहून बोलावून बसवलेले कर्मचारी.

शेतकरी शेतात. सोयाबीन काढणीला आलेलं.

२०२४-२५ मध्ये त्या सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळला. करा आता विचार सकारात्मक.

समुपदेशन नकोच, असं कोण म्हणतंय? राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आशाताई दारात येऊन विचारणार, झोप लागते का, जेवण जातं का. समोरचा म्हणतो, ‘‘ताई, उद्या वसुलीवाला येणार, झोप कशी लागंल?’’ ताईने लिहायचं काय?

झोप : नाही. पुढचं घर.

आणि ताईची झोप? मानधनासाठी तिला आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागतो. तिथे प्रश्नावली घेऊन कुणी फिरकत नाही.

मग २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ आलं. १४४१६ फिरवा, मन मोकळं करा, चोवीस तास. सोय उत्तम. फक्त शिवारात रेंज हवी. वसुलीच्या फोनला मात्र ती बरोबर मिळते.

बरं, उपाय सापडतच नाही असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, वर डॉक्टरांची साथ. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ने ते छापलं.

जगाने वाचलं. आपण फाईल केलं.

आता शेतकरी आत्महत्यांची प्रकरणं तपासणाऱ्या समितीकडे वळू. माणूस गेल्यावर यंत्रणा जागी होते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा जुळलं तर प्रकरण ‘पात्र’. मदत एक लाख. महागाई वाढली, लाख तेवढाच राहिला.

पण चौकशीत आजारपण निघालं, व्यसन निघालं, घरातली भांडणं निघाली, तर ‘अपात्र’चा शिक्का ठरलेला. तगाद्याने खचलेला माणूसच बाटलीकडे वळतो आणि घरात खेकसतो, हे पारावरच्या पोरालाही कळतं. समितीला कागद लागतो. म्हणून त्याची बायको पंचनाम्यात नैराश्याचं नावही काढत नाही. काढेल कशी? पोरांच्या फीचा प्रश्न आहे.

थोडक्यात हिशेब असा. जिवंतपणी दुखणं मनाचं, म्हणून भावाऐवजी व्याख्यान. मेल्यावर दुखणं मनाचं निघालं, म्हणून लाखही नाही.

मनाचा इतका सोयीने विचार करणारं सरकार आणखी कुठे मिळेल?