मार्जारमूत्रमीमांसा

पाळीव मांजराने गादी, सतरंजी, सोफा किंवा धुतलेल्या कपड्यांची चळत यांपैकी ज्या वस्तूवर कृपा केली असेल, ती वस्तू पूर्ववत करण्यासाठी घरोघरी होणाऱ्या खटाटोपाचा अभ्यास केला असता असे दिसून येते की, हा खटाटोप डाग नाहीसा करण्यापेक्षा पाहुण्यांच्या नाकाची समजूत काढण्यासाठीच अधिक असतो. मध्यमवर्गीय मराठी घरात या कामी प्रथम फिनेल, मग उदबत्ती आणि शेवटी ‘पावसाळी हवेमुळे जरा कुबट वास येतोय’ हे वाक्य, अशा चढत्या क्रमाने उपाय योजले जातात. त्यांपैकी तिसरा सर्वांत स्वस्त असून आषाढ-श्रावणात तो काही अंशी खराही असतो.

तो खरा का, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्रात शिरावे लागते. मूत्रातील यूरियाला स्वतःचा वास नसतो. परंतु जिवाणू ‘यूरिएज’ या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने त्यापासून अमोनिया तयार करतात आणि डोळ्यांना झोंबणारा पहिला दर्प सुटतो. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, कारण त्याच्या मूत्रात ‘फेलिनीन’ हे गंधकयुक्त अमिनो आम्ल विपुल असते, ते सावकाश विघटित होते आणि त्यातून उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे बाहेर पडत राहतात. त्यामुळे सोमवारी ‘एवढं काही नाही’ म्हणून सोडून दिलेला डाग गुरुवारपर्यंत अख्खी बैठकीची खोली बळकावतो. फेलिनीनच्या निर्मितीत मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या ‘कॉक्सिन’ या प्रथिनाचा हात असल्याचे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, ही विज्ञानाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होय, मात्र तिने कोणाची गादी वाचल्याचे ऐकिवात नाही. दमट हवेत सुकलेल्या डागातील क्षार व यूरिया ओल धरतात, जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि डिसेंबरात विस्मरणात गेलेला कोपरा जुलैत उठून बसतो.

फिनेलवरील मराठी माणसाची श्रद्धा मात्र हवामानावर अवलंबून नसते. फिनेल वास काढत नाही, ते वासाच्या जोडीला आणखी एक वास आणून बसवतो. शिवाय काळ्या फिनेलमधील फिनॉलवर्गीय द्रव्ये निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच तोकडी असल्याने, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटणारे मांजर सफाईच्या नादात आजारी पडू शकते. ब्लीचचा प्रयोग तर माणसालाही भोवतो, कारण मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घसा जाळणारे क्लोरामाइन वायू तयार होतात. व्हिनेगर त्यामानाने सौम्य असले, तरी शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे दगड मूलतः चुन्याच्या जातीचे असल्याने आम्ल त्यांची चकाकी खाते, आणि मग बोक्याचा डाग गेल्याच्या आनंदात गृहस्थाने स्वतः पाडलेला डाग कायमचा राहतो.

खरा कस लागतो तो कापसाच्या गादीवर. खोळीवर दिसणारा डाग बशीएवढा असला, तरी आतला कापूस तो द्रव चहूकडे ओढून घेतो, त्यामुळे वरच्यावर पुसणे ही केवळ शिष्टाचाराची बाब ठरते. डाग ओला असताना जुने सुती कापड त्यावर दाबून धरावे, घासू नये. नंतर विकरयुक्त द्रव, म्हणजे वासाचे मूळ असलेल्या द्रव्यांचे विघटन करणारे द्रावण, मूत्र जेथवर मुरले तेथवर मुरेल इतके ओतावे आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओले राहू द्यावे. प्रत्यक्षात आधी सवयीने फिनेल शिंपडलेले असते, ते या विकरांच्या कामात अडथळा आणते, आणि दोष मात्र महागड्या बाटलीला दिला जातो.

जुने डाग शोधण्यासाठी रात्री दिवे मालवून अतिनील किरणांची विजेरी फिरवतात, कारण त्या प्रकाशात मूत्र पिवळसर-हिरवे चमकते. अडचण एवढीच की, कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातलेली द्रव्येही त्याच प्रकाशात निळसर लखलखतात. परिणामी संशयित बोका अंधारात निवांत झोपलेला असतो आणि तपास करणाऱ्या गृहस्थाचा बनियन मात्र घरातील सर्वांत ठळक पुरावा ठरतो.

सफाईनंतरही बोका त्याच जागी परततो, यात आकस नसतो. माणसाच्या नाकाला संपलेला वास त्याच्या नाकाला शाबूत असतो. मांजर वारंवार बसत असेल, कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर गादी सोडून पशुवैद्याकडे धावावे, कारण बोक्याचा मूत्रमार्ग तुंबणे जीवघेणे ठरते. निरोगी बोक्याने भिंतीवर उडवलेल्या फवाऱ्यांवर मात्र नसबंदी हाच बहुतेक वेळा लागू पडणारा इलाज आहे. परंतु नवा सोफा घेण्याचा निर्णय जेथे एका संध्याकाळी होतो, तेथेही बोक्याच्या नसबंदीचा विषय निघताच घरातील पुरुष मंडळी ‘त्याला एवढी कसली घाई आहे’ असे म्हणून वर्तमानपत्र उघडतात.